दुखत नाही, म्हणूनच मामांना बसवा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६२ वर्षांचे आहेत. शुगर १२ वर्षांपासून. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाला, तळव्याच्या बाजूनं, घट्टा होता. तो फुटून जखम झाली. दीड महिना होऊन गेला, भरायचं नाव नाही. शेजारच्या गावात एक वयस्कर गृहस्थ झाडपाल्याचं औषध देतात. त्यांच्या लेपानं चार-पाच जण बरे झाले असं सगळे सांगतात. तोच हिरवा लेप आणि वर हळद असं चालू आहे. मामांनी शुगरच्या गोळ्या निम्म्यावर आणल्यात, जांभळाच्या बियांची पूड घेतात. मागच्या आठवड्यात उपाशीपोटी शुगर २६० आली. बेळगावला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. मामा तिथून उठून घरी आले. म्हणतात, दुखत नाही तर कापायचं कशाला? लावणी सुरू आहे, रोज शेतात उतरतात. मी सून, मी किती बोलणार? झाडपाल्यानं खरंच गुण येतो का? येत असेल तर नेमका कोणता पाला लावावा?
— एक सून

उत्तर

ताई, पुढचं वाचण्याआधी मामांचा पाय उजेडात बघून या. मेडिकलमध्ये सलाईनच्या पाण्याची बाटली मिळते, त्यानं लेप आणि हळद धुऊन काढा आणि मग बघा. जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण अंगठ्याच्या रुंदीच्या पलीकडे लाली पसरली आहे का? हा पाय दुसऱ्या पायापेक्षा गरम किंवा सुजलेला लागतो का? वास येतो का, दाबल्यावर पू येतो का, कुठं काळं पडलंय का? ताप, थंडी, जेवण नकोसं होणं, शुगर एकाएकी चढणं, यातलं काही आहे का? एक जरी असेल तर लावणीचा, पावसाचा, रविवारचा विचार न करता आजच्या आज दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन. मधुमेहाच्या पायातला संसर्ग रात्रीतून वर चढतो, मी ते वारंवार पाहते.

यातलं काही नसेल तर आता नीट बोलू.

मामांचं ‘दुखत नाही’ हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य वाटतं. अंगठ्याच्या बुडाला, चालताना सगळा भार येतो त्या जागी दीड महिन्याची उघडी जखम, आणि माणूस चिखलात उभा राहून लावणी करतोय. तुम्ही-मी एक पाऊल टाकू शकणार नाही. मामा टाकतात, कारण बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या, जळजळ, रात्री पाय तापणं. मग हळूहळू सगळं शांत होतं. माणसाला वाटतं बरं झालं. खरं म्हणजे पायाची जाणीवच गेलेली असते. दवाखान्यात नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून बघतात. तो वाकेपर्यंत दाबला तर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो कळला नाही तर त्या पायाचं रक्षण वेदनेनं होणार नाही, डोळ्यांनीच करावं लागतं. मामांसमोर ही तपासणी करायला सांगा. बोलून जे पटत नाही ते त्यांना स्वतःच्या पायावर पटेल. डोळे उघडून ते विचारतील, ‘कधी लावलं?’

जखम झाली कशी, तेही समजून घ्या, म्हणजे लेप का पुरत नाही ते कळेल. नसा गेल्या की पायाचे छोटे स्नायूही कमजोर होतात, बोटं आकडतात आणि चालताना भार तळव्याच्या पुढच्या भागावर एकवटतो. घाम येणं थांबतं, कातडी कोरडी होऊन भेगाळते. सतत दाब येणाऱ्या जागी घट्टा धरतो. त्या घट्ट्याखाली मांस चेचलं जातं, रक्त साकळतं, आणि एक दिवस वरची कातडी फुटते. म्हणजे फुटायच्या कितीतरी आधीपासून आत जखम होतीच. आता तिच्यावर जगातलं सर्वात गुणकारी औषध लावलं आणि मामा दिवसभर तिच्यावर उभे राहिले, तर रात्रीत जेवढं नवं मांस धरेल तेवढं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चेचलं जाईल. कोवळ्या रोपावर रोज कुणी पाय देऊन जावं तसं हे आहे. खत कोणतं घालायचं हा त्यानंतरचा प्रश्न.

आता झाडपाला. तुम्ही सरळ विचारलंय, मीही सरळ सांगते.

आपल्याकडे गवत कापताना विळा लागला की बांधावरचा दगडीपाला चुरगाळून रस पिळतात. एकदांडी, कंबरमोडी ही त्याचीच नावं. रक्त थांबतं, चार दिवसांत बोट बरं होतं. हा अनुभव खोटा नाही. पण ती जखम धडधाकट माणसाच्या बोटाची, रक्त भरपूर, नसा जिवंत. ती पाल्याशिवायही भरली असती. या वनस्पतींवर संशोधन पुष्कळ झालंय: दगडीपाला, कोरफड, हळद, कडुनिंब, मंडूकपर्णी. बहुतेक प्रयोगांत उंदरांना मधुमेह करवतात, पाठीवर जखम करतात आणि लेप लावून ती किती लवकर मिटते ते मोजतात. निकाल चांगले येतात. पण उंदराची कातडी सैल असते, त्याची जखम मुख्यतः कडा आवळून मिटते. माणसाच्या पायाच्या जखमेत तळातून नवं मांस भरावं लागतं. आणि पाठीवरच्या जखमेवर उंदीर उभा राहत नाही. म्हणून उंदरावर गुण आला या बातमीवरून मामांच्या तळव्याचा निर्णय घेऊ नका.

माणसांवरचा एक प्रयोग मात्र तुम्हाला सांगण्यासारखा आहे. तैवानमध्ये तयार झालेल्या एका मलमात दोन वनस्पतींचे अर्क आहेत. एक मंडूकपर्णी. दुसरी तुमच्या परसात कुंडीत असेल तो पानओवा, आपले कानडी शेजारी ज्याला दोड्डपत्रे म्हणतात, मुलांना खोकला झाला की ज्याचा रस देतात, भजी करतात, तोच. मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या २३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांत मलमाच्या गटात सुमारे ६१ टक्के जखमा पूर्ण भरल्या, साध्या शोषक पट्टीच्या गटात ३५ टक्के. फरक मोठा आहे, मला त्याचं मोल वाटतं. पण हे आकडे जरा थांबून वाचा. एकतर ते मलम अर्क शुद्ध करून, ठरावीक प्रमाणात, निर्जंतुक बनवलेलं होतं. पाट्यावर वाटलेल्या पानओव्याला तो निकाल लागू होत नाही. दुसरं, हाडापर्यंत गेलेल्या खोल जखमा त्यात घेतल्या नव्हत्या. चाचणीला पैसा उत्पादक कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवलेलं बरं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की नुसत्या साध्या पट्टीनंसुद्धा १०० पैकी ३५ जणांची जखम भरली. त्या ३५ जणांना कुणी लेप लावला असता तर श्रेय लेपाला गेलं असतं.

तुमच्या शेजारगावातले चार-पाच जण बरे झाले ते असेच असू शकतात. जे बरे होत नाहीत ते परत गावात सांगायला येत नाहीत. त्यांची गाडी हुबळी नाही तर बेळगावकडे गेलेली असते. आणखी एक विचारून बघा: ते गृहस्थ लेपाबरोबर पथ्य काय सांगतात? अशी माणसं बहुधा सांगतात, पाय जमिनीला लावू नका, एवढे दिवस बसून राहा, गोड-आंबट बंद. तसं असेल तर त्या बसण्याचा आणि पथ्याचा वाटा लेपापेक्षा मोठा असण्याची दाट शक्यता आहे. मामांनी लेप घेतला आणि पथ्य सोडलं, असं दिसतंय.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०२३ च्या सूचनांत जखम भरावी म्हणून वनौषधींचे लेप किंवा मध वापरू नयेत असंच सांगितलंय. कारण सरळ आहे: आजवरचे पुरावे कच्चे आहेत. वनस्पतींत काही नाही, असा त्याचा अर्थ मी घेत नाही. आपल्याच बेळगावात, नेहरूनगरला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि सह्याद्रीतल्या वनस्पतींचा तिथं अभ्यास होतो. शास्त्र या पाल्याकडं तुच्छतेनं बघत नाही. पण अभ्यास चालू असलेली गोष्ट आणि मामांच्या उघड्या जखमेवर आज लावायची गोष्ट, यात अंतर आहे.

आयुर्वेदाचं म्हणाल तर सुश्रुतांनी मधुमेही माणसाचा व्रण कष्टानं बरा होणारा म्हणूनच सांगितलाय. व्रणासाठी त्यांनी साठ उपक्रम दिलेत, आणि क्रम ठेवलाय आधी शोधन, मग रोपण. म्हणजे आधी सडकं काढा, पू वाहू द्या, तळ स्वच्छ करा. भरून आणणारी औषधं नंतर. कापणं, खरवडणं हे त्या साठांत आहे. मामांना शस्त्र परकं वाटत असेल तर हे सांगा. सडक्या तळावर लेप थापणं आयुर्वेदालाही मान्य नाही. उदाहरण म्हणून जात्यादि तेलाचं बघा, लोक ते स्वतःच आणून लावतात. त्याच्या जुन्या पाठात जाई, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, लोध्र यांच्याबरोबर मोरचूदही आहे. कोणत्या जखमेला, कधी आणि किती दिवस, हे वैद्यानं पाय बघून ठरवायचं औषध आहे. वैद्यांकडे जायचं असेल तर बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं जा. पण शुगर आणि रक्तप्रवाहाचे रिपोर्ट बरोबर घेऊन जा, आणि सर्जनचा सल्ला चालू ठेवून.

तोवर घरचा हिरवा लेप बंद करा. दोन कारणांनी. एक, पाट्यावर कालच मिरची वाटलेली असते, पाला बांधावरून आणलेला असतो, गुरं तिथंच चरतात. त्या मातीतले धनुर्वाताचे जंतू सरळ मांसात जातात. मामांना धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं होतं तेही बघा. दुसरं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही: हळदीच्या पिवळ्या रंगाखाली पसरणारी लाली दिसत नाही आणि हिरव्या लेपाखाली काळं पडलेलं दिसत नाही. ज्या पायाला वेदना सांगता येत नाही त्याचे रंगही आपण झाकून टाकतो. जखम रोज सलाईननं धुवायची, आवळून नव्हे तर हलक्या हातानं निर्जंतुक गॉज लावायचं, कडा कोरड्या ठेवायच्या. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, त्यानं नवं मांसही जळतं. कडुनिंबाच्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवणंही नको. कातडी फुगते आणि भाजलं तरी मामांना कळणार नाही. याच कारणानं पावसात गारठले तरी चुलीपुढं पाय शेकायला बसू देऊ नका. घट्टा घरी ब्लेडनं तासायचा नाही, कॉर्नची पट्टी चिकटवायची नाही. त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं. कडेचा घट्टा दवाखान्यात काढून घ्यायचा, तो काढल्याशिवाय जखमेचं खरं तोंड दिसतच नाही.

आता भार उतरवणं. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या भागात याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि यात तुमच्या हातात खूप काही आहे.

दवाखान्यात यासाठी गुडघ्याखालपर्यंत पायाला चपखल बसणारं प्लास्टरसारखं कवच घालतात, किंवा तसा बूट देतात. संसर्ग आणि रक्तप्रवाह बघूनच ते ठरतं. ते होईपर्यंत घरातल्या घरात काय करायचं ते सांगते. शेत बंद, हे तर आहेच. पण शेत बंद केलं आणि मामा घरात शंभर फेऱ्या मारत राहिले तर उपयोग नाही. जखमेला मोरीपर्यंतचं पाऊल आणि बांधावरचं पाऊल सारखंच. रात्री लघवीला उठताना पट्टीवरच उभं राहतात, म्हणून खाटेजवळ भांडं ठेवा. संडासला उकिडवं बसलं की बराच भार तळव्याच्या पुढच्या भागावर, म्हणजे नेमका त्यांच्या जखमेवर येतो. कमोडची खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, भाड्यानंही मिळते. ती आणणं कुठल्याही मलमापेक्षा आधी करा. जेवायला पाटावर मांडी घालून बसतात का? मांडी घातली की घोट्याचा बाहेरचा भाग आणि करंगळीची कड जमिनीवर घासते, तिथं दुसरी जखम व्हायला वेळ लागत नाही. खुर्चीवर जेवायला द्या, पाय स्टुलावर, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी. उठायचंच तर वॉकर. कुबडीवर तोल जाण्याची भीती असते आणि एका पायावर उड्या मारत चालले तर डाव्या पायाचा घात होईल. तो पायही तितकाच बधिर आहे, त्यालाही रोज बघा. बोटांच्या बेचक्यांत पावसाळ्यात चिखल्या होतात, तिथूनही जंतू शिरतात.

चपलेबद्दल. निपाणी, अथणी, रायबाग या भागात कोल्हापुरी चपला पिढ्यान् पिढ्या बनतात, २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण मामांच्या पायात आता ती नको. अंगठ्याचा पट्टा जिथं अंगठा धरतो तिथंच त्यांची जखम आहे, आणि कडक तळवा भार पसरू देत नाही. मऊ रबरी तळव्याची, मागून पट्टा असलेली एमसीआर चप्पल मधुमेहाच्या दवाखान्यात लिहून देतात. जखम भरल्यावरही तीच. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत पुन्हा उघडतात, आणि त्याचं मोठं कारण माणूस जुन्या चपलेत, जुन्या चालीनं परत चालू लागतो हेच.

दर आठवड्याला एकाच दिवशी जखमेचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. लांबी आणि रुंदी वहीत लिहा. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्यावर यायला हवं. नाही आलं तर काहीतरी चुकतंय असं समजून उपचार बदलायचे, त्याच मलमाची दुसरी ट्यूब आणायची नाही.

आता अंगठा काढण्याबद्दल. मामा उठून आले, त्यांची भीती मला कळते. गावात कुणाचा तरी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय गेला, अशी गोष्ट प्रत्येकानं ऐकलेली असते. त्या गोष्टीत कापल्यामुळं पाय गेला असं सांगतात. पुष्कळदा खरं असं असतं की पायाला रक्तच पुरत नव्हतं, म्हणून कापलेली जागाही भरली नाही. तेव्हा डॉक्टरांकडे परत जा आणि आदरानं पण स्पष्ट दोन गोष्टी विचारा.

रक्तप्रवाह तपासला का, हे आधी. पावलावरची नाडी हातानं बघतात, डॉपलर म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी करतात, घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं प्रमाण काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाला रक्त नेणाऱ्या शिरा अरुंद झाल्यात. मधुमेहात शिरा चुन्यासारख्या कडक झालेल्या असतील तर हा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून शक्य असेल तिथं बोटातला दाबही मोजतात. रक्त कमी असेल तर आधी शिरा उघडायची, कापायचं नंतर आणि कदाचित कमी. मामा विडी ओढतात का, मिश्री लावतात का, तुम्ही लिहिलं नाही. निपाणीच्या तंबाखूवर आपल्याकडं कितीतरी घरं चालतात, पण या पायासाठी तंबाखू आजपासून पूर्ण बंद. तिच्यामुळं शिरा आवळतात.

हाडाला लागलंय का, हे दुसरं. बोथट सळई जखमेत घालून हाड लागतं का ते बघतात, एक्स-रे काढतात. हाड सडायला लागलं तरी पहिले दोन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, पण मामांना तर दीड महिना झालाय. हाड सडलेलं असेल तर डॉक्टर अंगठा काढायला सांगतात ते पाऊल वाचवण्यासाठी. काही वेळा नुसत्या अँटिबायोटिकवर, काही वेळा हाडाचा तुकडा काढून भागतं. दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त आठवडाभरात घ्या.

जांभळाच्या पुडीबद्दल थोडक्यात. जांभूळ, मेथी, कारलं यांनी शुगर थोडी उतरू शकते, पण २६० वाल्या माणसाची गोळी निम्मी करण्याइतकी नाही. शुगर चढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, मग कितीही अँटिबायोटिक दिलं तरी काम अर्धंच होतं. जखम भरेपर्यंत डॉक्टर इन्सुलिन लावतील, तर घेऊ द्या. ते बहुतेकदा कायमचं नसतं. गोळ्या पूर्ववत करताना डॉक्टरांना पुडीबद्दल सांगा, दोन्ही मिळून शुगर फार खालीही जाऊ शकते. आणि लेबल नसलेली कुठली भस्माची पुडी चालू असेल तर ती आधी बंद करा, काहींत शिसं-पारा असतो आणि मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात. जेवणात अंडं, डाळ, मासे, ताक असू द्या. नवं मांस प्रथिनांतून तयार होतं. एकादशीचे उपास या दिवसांत नकोत, साबुदाण्यानं शुगर चढते आणि प्रथिन काहीच मिळत नाही.

‘मी सून, मी किती बोलणार’, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही एकट्यानं बोलूच नका. नवऱ्याला आणि नणंदेला हे पत्र वाचायला द्या, आणि मामा ज्यांचं ऐकतात त्यांना, मग ते भजनी मंडळातले सोबती असोत की धाकटे भाऊ, घरी चहाला बोलवा. ‘झाडपाला सोडा’ या वाक्यानं सुरुवात केलीत तर मामा हट्टाला पेटतील, कारण त्यांनी त्या गृहस्थांवर विश्वास टाकलाय आणि तो चारचौघांत मोडल्यासारखा होईल. त्यापेक्षा असं म्हणा: ‘मामा, औषध देणाऱ्या काकांनीच पथ्य सांगितलंय ना, ते आपण आता कडक पाळू. एक महिना पाय खाली नाही. पाला जखम स्वच्छ झाल्यावर बघू.’ त्या काकांनाही एकदा भेटा. जाणती माणसं असतात, हाडापर्यंतची जखम आपल्या हातची नाही हे त्यांना कळतं. त्यांच्या तोंडून ‘बेळगावला जाऊन या’ आलं तर मामा तुमच्यापेक्षा लवकर उठतील. आणि लावणीची काळजी मामांच्या डोक्यातून काढा. पैऱ्यानं किंवा मजुरीनं कोण कधी येणार हे ठरवून त्यांना सांगा, म्हणजे त्यांना खाटेवर बसवेल. बांध्यात न उतरता खुर्चीवर बसून हिशेब आणि माणसं सांभाळायचं काम त्यांनाच द्या.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. त्यासाठी आधी खानापूरच्या सरकारी तालुका दवाखान्यात दाखवून रेफरलचं पत्र घ्या, थेट मोठ्या दवाखान्यात गेलात तर अडचण येऊ शकते. जीवावरचं असेल तर पत्रासाठी थांबू नका. कार्ड, आधार, आजवरचे सगळे कागद, गोळ्यांची पाकिटं आणि ती जांभळाच्या बियांची पूडसुद्धा पिशवीत घ्या. फॉर्म बहुधा कानडीत असतात, घरात कानडी वाचणारं कुणी असेल तर त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांशी मराठीत बोलायला संकोच करू नका, बेळगावात बहुतेकांना समजतं. समजलं नाही तर पुन्हा विचारा, आणि ‘रक्तप्रवाह’ आणि ‘हाड’ या दोन्हींची उत्तरं कागदावर लिहून घ्या.

तपासण्या झाल्या की त्यांचे आकडे आणि जखमेची लांबी-रुंदी मला कळवा. रक्त पुरेसं असेल, हाड वाचलेलं असेल आणि तळ लालसर, स्वच्छ दिसू लागला असेल, तर कोणतं मलम, कोणती पट्टी हे तेव्हा बोलू, आणि वैद्यांनी काही सुचवलं असेल तर तेही त्याच वेळी बघू. आज मात्र कमोडची खुर्ची आणि वॉकर घेऊन या.